टाक की टॅबलेट: रेषेचे माध्यम कसे निवडावे आणि दोन्ही एकत्र कसे वापरावे

शाईने चित्र काढणे आणि टॅबलेटवर चित्र काढणे यांतला सर्वांत मोठा फरक निर्णयाच्या वेळेत आहे. टाक कागदाला टेकवण्यापूर्वीच रेघ कुठून निघणार, कुठे जाड होणार आणि कुठे थांबणार हे चित्रकाराला ठरवावे लागते, कारण उमटलेली रेघ परत घेता येत नाही. टॅबलेटवर तोच निर्णय हवा तितका पुढे ढकलता येतो. रेघ पुसता येते, सरकवता येते, तिची जाडी बदलता येते आणि मनास आली नाही तर ती मागमूस न ठेवता काढून टाकता येते. दोन्ही माध्यमांचे बहुतेक गुणदोष याच एका गोष्टीतून निघतात. म्हणून माध्यम निवडताना कोणते श्रेष्ठ, हा वाद बाजूला ठेवावा आणि या कामातले निर्णय आधी व्हायला हवेत की नंतर, एवढेच स्वतःला विचारावे.

असे विचारले की बरीच उत्तरे आपोआप मिळतात. ज्या कामात संपादक किंवा ग्राहक पुन्हा पुन्हा बदल सुचवणार आहेत, किंवा एकच पात्र अनेक चित्रांत सारखेच दिसायला हवे आहे, ते काम थेट टॅबलेटवर करावे. ज्या चित्राची मूळ प्रत भिंतीवर लागणार आहे किंवा विकली जाणार आहे, ते कागदावर शाईने करावे, कारण डिजिटल चित्राला त्या अर्थाने मूळ प्रत नसतेच. शिकणाऱ्यांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: रेषेवर हात बसेपर्यंत सरावाचा काही वेळ तरी शाईलाच द्यावा. रेघ परत घेता येत नाही हे माहीत असले की डोळा आधी नीट पाहतो आणि हात मग हलतो. शाईवर लागलेली ही सवय टॅबलेटवर जशीच्या तशी नेता येते; टॅबलेटवर लागलेली पुसून पाहण्याची सवय मात्र कागदावर उपयोगी पडत नाही.

शाईकामाची तयारी

शाईकामात पेनापेक्षा कागद अधिक घात करतो. छपाईच्या साध्या कागदावर शाई तंतूंमधून पसरते आणि रेघेच्या कडांना केसांसारखे फाटे फुटतात; मग पेन कितीही चांगले असले तरी रेघ भुसभुशीत दिसते. कागद गुळगुळीत, घट्ट आणि चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजनाचा घ्यावा. ब्रिस्टल बोर्ड किंवा गरम दाबाने गुळगुळीत केलेला जलरंगाचा कागद या कामाला उत्तम. नवा कागद आणल्यावर त्याच्या एका कोपऱ्यात जाड रेघ, बारीक रेघ आणि एकमेकींना छेदणाऱ्या दाट रेघा काढून पाहाव्यात. शाई पसरली किंवा निबेत कागदाचे तंतू अडकू लागले, तर तो कागद कच्च्या कामासाठी ठेवावा.

पेनाचे पर्याय पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची रेघ निराळी असते. बोरूची, म्हणजे वेतासारख्या पोकळ काडीला टोक काढून केलेल्या लेखणीची, रेघ ठसठशीत आणि तुटक येते, कारण त्यात शाई फार थोडी राहते. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये आर्ल येथे बोरूने काढलेल्या निसर्गचित्रांत ठिपके, आखूड फटकारे आणि वळणदार रेघा यांतूनच गवत, झाडे आणि आकाश वेगवेगळे ओळखू येतात. पोलादी निबेचा टाक दाबाला प्रतिसाद देतो: दाब वाढवला की निबेची दोन टोके फाकतात आणि रेघ जाड होते. फाइनलायनर, म्हणजे आत शाई भरलेले बारीक टोकाचे पेन, वापरायला सगळ्यांत सोपे, पण त्याची रेघ जवळजवळ एकाच जाडीची राहते, त्यामुळे जाडीतला फरक वेगवेगळी पेने वापरून आणावा लागतो. १९८२ पासून मिळणाऱ्या पिग्मा मायक्रॉन पेनांवर जे आकडे असतात ते मिलिमीटर समजू नयेत. ०१ क्रमांकाची रेघ साधारण ०.२५ मिलिमीटरची आणि ०५ क्रमांकाची साधारण ०.४५ मिलिमीटरची असते. कुंचला हा या सगळ्यांत अवघड आणि सर्वांत समृद्ध. तो नवशिक्यांनी टाकावर हात बसल्यानंतरच घ्यावा.

शाई निवडताना ती कशापासून बनली आहे हे पाहावे. काजळीपासून तयार केलेली आणि लाखेसारख्या द्रव्याने बांधलेली काळी शाई वाळल्यावर पाण्याने सुटत नाही आणि प्रकाशाने फिकी पडत नाही. अशी शाई फाउंटन पेनात मात्र कधीही भरू नये, कारण लाख आत वाळली की पेनाची नळी कायमची बंद होते. विद्राव्य रंगाच्या शाया फाउंटन पेनाला चालतात, पण त्यांवर जलरंगाचा हात फिरवला की त्या बहुधा पसरतात आणि उजेडात ठेवल्या की फिकट होत जातात.

नव्या निबेवर गंज लागू नये म्हणून तेलकट लेप दिलेला असतो, आणि तो काढल्याशिवाय शाई निबेवर टिकत नाही, थेंबाथेंबाने गोळा होते. निब साबणाने धुवून स्वच्छ पुसावी. शाईत ती मधल्या छिद्राच्या थोडी वरपर्यंत बुडवावी आणि दौतीच्या काठाला हलकेच टेकवून जादा शाई निथळू द्यावी. पहिली रेघ चित्रावर कधीच ओढू नये. शेजारी एक तुकडा ठेवून त्यावर दोन रेघा ओढाव्यात आणि मग चित्राकडे वळावे. रेघ नेहमी स्वतःकडे किंवा आडवी ओढावी. निब पुढे ढकलली तर तिचे टोक कागदात रुतते आणि शाई उडते. हवी ती दिशा मिळवण्यासाठी मनगट वाकवण्याऐवजी कागद फिरवावा. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करावी, डावखुऱ्यांनी उजव्या, म्हणजे ओल्या शाईवर हात येत नाही. काम चालू असताना निब ओल्या फडक्याने वरचेवर पुसावी आणि शेवटी धुवून कोरडी करून ठेवावी.

शाईत करडा रंग नसतो. तो रेघांच्या दाटीतून निर्माण करावा लागतो, आणि इथे हे माध्यम खरोखर फुलते. पहिल्यांदा समांतर रेघांचा एक थर द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच दुसरा थर तिरका द्यावा, कारण ओल्या रेघा एकमेकींना छेदतात तिथे शाई साचून काळे डाग पडतात. दोन थरांमधला कोन लहान ठेवला तर पोत रेशमी येतो. काटकोनात छेद दिला तर जाळीसारखा दिसतो आणि डोळा वस्तूऐवजी जाळीकडे जातो. रेघा वस्तूच्या पृष्ठभागावरून वळत जाव्यात, म्हणजे गालाची गोलाई आणि भिंतीचा सपाटपणा वेगळा सांगावा लागत नाही. ठिपक्यांचे छायांकन फार मऊ उठते, पण त्याला वेळ लागतो आणि घाई झाली की ठिपक्यांना शेपट्या फुटतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणते भाग कोरे राहणार आणि कोणते पूर्ण काळे होणार हे आधी ठरवावे. त्यासाठी हाताच्या तळव्याएवढ्या कच्च्या आकृतीत फक्त पांढरा, करडा आणि काळा अशी तीनच मूल्ये भरून पाहावीत. बहुतेक शाईचित्रे रेघ वाईट असल्यामुळे बिघडत नाहीत. सगळीकडे सारखेच छायांकन झाल्यामुळे ती मळकट होतात.

चूक दुरुस्त करण्याचे मार्ग शाईतही आहेत. जाड कागदावर वाळलेली शाई धारदार पात्याने हलकेच खरवडता येते, लहान भाग पांढऱ्या गॉशने, म्हणजे अपारदर्शक जलरंगाने, झाकता येतो, आणि कित्येकदा चुकलेली रेघ सावलीत सामावून घेता येते. खालची पेन्सिल पुसायची ती शाई पूर्ण वाळल्यावरच, आणि तीही मऊ रबराने, कारण घासण्याने शाईचा काळेपणा थोडा उतरतो.

टॅबलेटची मांडणी

टॅबलेटचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत: पडदा नसलेला, ज्यावर हात एकीकडे आणि नजर संगणकाच्या पडद्यावर असते, आणि पडदा असलेला, ज्यावर थेट चित्रावरच पेन चालते. पहिल्या प्रकाराची सवय व्हायला वेळ लागतो, पण मान वाकत नाही आणि हात चित्राच्या आड येत नाही, हे त्याचे फायदे दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. कोणताही टॅबलेट घेतला तरी त्याच्या पेनाला दाब ओळखता आला पाहिजे. ४,०९६ किंवा ८,१९२ अशा दाबाच्या पातळ्यांच्या आकड्यांना मी फारसे महत्त्व देत नाही. हलक्या स्पर्शाला रेघ उमटते की नाही आणि ती पेनाच्या किती मागे राहते, हे प्रत्यक्ष ओढून पाहणे अधिक कामाचे आहे.

पडदा नसलेल्या टॅबलेटवर सुरुवातीला एक मांडणी तपासावीच लागते. टॅबलेटच्या लांबी-रुंदीचे प्रमाण आणि संगणकाच्या पडद्याचे प्रमाण वेगवेगळे असेल, तर हाताने काढलेले वर्तुळ पडद्यावर लंबवर्तुळ होते आणि नवा माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. टॅबलेटच्या सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय निवडला की ही अडचण संपते. त्यानंतर दाबाचा आलेख आपल्या हातानुसार बदलून घ्यावा: हात जड असेल तर जास्त दाबाला पूर्ण जाडी मिळेल असा, हलका असेल तर त्याउलट.

शाईसारखी रेघ हवी असेल तर कॅनव्हास मोठा घ्यावा. ए-फोर आकार ६०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) सुमारे ४,९६० गुणिले ७,०१६ पिक्सेल होतो. रेखाचित्रासाठी यापेक्षा खाली उतरू नये. ब्रश कडक काठाचा घ्यावा, दाबाचा परिणाम फक्त जाडीवर ठेवावा आणि पारदर्शकतेवरचा बंद करावा, कारण अर्धपारदर्शक काळी रेघ शाईसारखी दिसत नाही आणि रंग भरताना कडा स्वच्छ मिळू देत नाही. क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर, क्लिप स्टुडिओ पेंट आणि प्रोक्रिएट या तिन्हींत हे सहज करता येते. लेअर म्हणजे चित्राचा पारदर्शक थर. क्लिप स्टुडिओ पेंटमध्ये व्हेक्टर लेअरवर, म्हणजे रेघ पिक्सेलऐवजी वळणांच्या रूपात साठवणाऱ्या थरावर, काढलेल्या रेघेची जाडी आणि वळण नंतरही बदलता येते, त्यामुळे बदल होणार हे ठाऊक असलेल्या कामात तो लेअर फार उपयोगी पडतो.

रेघ स्थिर करणाऱ्या सोयीबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. माणसाने ओढलेली रेघ यंत्राने नीट करून द्यावी ही कल्पना संगणकावरच्या चित्रकलेइतकीच जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्रकाशपेनाने चालणारी जी स्केचपॅड प्रणाली सादर केली, तीतही ढोबळ ओढलेल्या रेघांना समांतर किंवा काटकोनात बसवण्याची सोय होती. तांत्रिक आराखड्याला ते योग्यच आहे. मुक्तहस्त चित्रात मात्र ही सोय जास्त चढवली की सगळ्यांच्या रेघा एकसारख्या गुळगुळीत होतात आणि हाताची ओळख पुसली जाते. म्हणून ती पेनाची थरथर जाईल एवढीच, कमीत कमी ठेवावी, आणि लांब वळणे मनगटाऐवजी कोपर आणि खांदा हलवून ओढावीत.

झूमचेही तसेच आहे. चित्र चौपट मोठे करून काम केले की प्रत्येक पापणी रेखीव होते, पण छापील आकारात त्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि संपूर्ण चित्राचा तोल दिसत नाही. शक्यतो छापील आकाराच्या जवळ राहून काम करावे, बारीक कामापुरते जवळ जावे आणि लगेच परत यावे. चित्र आडवे उलटून पाहण्याची सोय वारंवार वापरावी. चेहऱ्यातला तिरपेपणा उलट्या प्रतिमेत चटकन दिसतो. कागदावर हेच काम आरसा करतो.

दोन्ही माध्यमांत एकच चित्र

निवडीबद्दल संभ्रम असेल तर एखादी साधी वस्तू, म्हणजे आपलाच हात किंवा घडी घातलेले कापड, समोर ठेवून तिचे एक चित्र शाईने आणि एक टॅबलेटवर काढावे. आकार सारखा, वेळ सारखी. टॅबलेटवर एकच लेअर, एकच ब्रश, आणि अनडू (केलेली कृती मागे घेण्याची सोय) वापरायचे नाही. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की कोणत्या माध्यमात आपली रेघ धीट आहे आणि कोणत्यात ती चाचपडते हे स्पष्ट दिसते. माझ्या पाहण्यात असे आले आहे की अनडूवर बंदी घातली की बहुतेकांच्या डिजिटल रेषेत जिवंतपणा येतो. त्यामुळे तयार कामातही अनडूचा वापर सबंध रेघ चुकली तरच करावा आणि रेघेच्या टोकातल्या किरकोळ फरकासाठी करू नये.

टॅबलेटवर कच्चे, कागदावर पक्के, टॅबलेटवर पूर्ण

मला सर्वांत जास्त पटलेली पद्धत दोन्ही माध्यमांना त्यांचे योग्य काम देते. ज्या टप्प्यावर निर्णय बदलत असतात तो टॅबलेटवर, आणि जिथे ते पक्के व्हायला हवेत तो कागदावर.

रचना, प्रमाण आणि दृष्टिकोन टॅबलेटवर ठरवावेत. आकृती वेगवेगळ्या लेअरवर ठेवाव्यात, म्हणजे एखादी व्यक्ती डावीकडे सरकवून किंवा मोठी करून पाहता येते. कच्चे रेखाटन समाधानकारक झाले की त्याचा रंग फिकट निळा करावा, साधारण १५ ते २० टक्के तीव्रतेचा सायन (छपाईतला आकाशी निळा), आणि ते इंकजेट प्रिंटरने पक्क्या कागदावर छापावे. लेसर प्रिंटरचा टोनर प्लास्टिकयुक्त असतो आणि दाट छपाईवर शाई नीट धरत नाही, म्हणून इंकजेट बरे. आधी कागदाच्या तुकड्यावर चाचणी घ्यावी, कारण काही प्रिंटरची शाई ओल्या कुंचल्याखाली सुटते. प्रिंटरमधून जाड कागद जात नसेल तर कच्चे रेखाटन साध्या कागदावर गडद छापून उजेडाच्या पेटीवर ठेवावे आणि वरून पक्का कागद लावून शाई करावी.

शाई करताना निळ्या रेघा गिरवू नयेत; त्या फक्त जागा दाखवतात. गिरवलेली रेघ भित्री आणि एकाच वेगाची येते. निळ्या रेघेकडे पाहून, मनात तिचा प्रवास एकदा करून, मग एका दमात ओढलेली रेघ जिवंत राहते, जरी ती मूळ जागेपासून केसभर हलली तरी. आधी महत्त्वाच्या बाह्यरेषा, मग ठळक काळे भाग आणि शेवटी छायांकन, हा क्रम मला योग्य वाटतो, कारण काळे भाग बसले की छायांकन किती कमी लागते हे कळते.

शाई वाळल्यावर चित्र ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन करावे. काच आधी पुसावी, कागद सपाट दाबून ठेवावा आणि स्कॅनरची प्रतिमा धारदार करण्याची सोय बंद ठेवावी. रंगीत स्कॅनचे कारण असे की प्रतिमेच्या निळ्या चॅनेलमध्ये, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगभागांपैकी निळ्यात, फिकट निळी रेघ जवळजवळ पांढरी दिसते, काळी शाई मात्र काळीच राहते; तो एकच चॅनेल घेतला की कच्चे रेखाटन एका झटक्यात नाहीसे होते. त्यानंतर लेव्हल्समध्ये (उजेड-अंधाराची मर्यादा बदलण्याच्या सोयीत) पांढरे टोक कागदाच्या रंगापर्यंत आणि काळे टोक शाईच्या रंगापर्यंत आणावे. हे करताना बारीक रेघांवर नजर ठेवावी, कारण अतिउत्साहात सगळ्यांत नाजूक छायांकन आधी उडून जाते. मोबाइलने काढलेले छायाचित्र दाखवण्यापुरते ठीक आहे, पण त्यात कडा वाकतात आणि प्रकाश असमान पडतो.

स्वच्छ झालेल्या रेघा वेगळ्या लेअरवर ठेवून त्या लेअरला मल्टिप्लाय (पांढरा भाग न दिसता खालचा रंग दिसू देणारी पद्धत) करावे, किंवा क्रितामधल्या कलर टू अल्फा या सोयीने पांढरा भाग पारदर्शक करावा, आणि खालच्या लेअरवर सपाट रंग भरावेत. रंगाची कड रेघेच्या खाली एकदोन पिक्सेल आत जाऊ द्यावी, नाहीतर रेघ आणि रंग यांच्यामध्ये बारीक पांढरी फट राहते. शाईच्या रेघेत नैसर्गिक तुटी असतात आणि त्यांतून भरलेला रंग बाहेर सांडतो. अशा जागी रेघ जोडून चित्र बिघडवू नये, निवड हाताने बंद करावी किंवा सॉफ्टवेअरमधली फट बुजवण्याची सोय वापरावी.

छपाई आणि जतन

छपाईसाठी चित्र लहान होणार असेल तर त्याचा हिशेब शाई करण्यापूर्वी करावा. छापील आकाराच्या दीडपट मोठे चित्र काढले तर लहान होताना हाताची थरथर लपते. पण निम्म्यावर आणले तर ०.२५ मिलिमीटरची रेघ ०.१२५ मिलिमीटरची होते आणि काही छपाईत ती तुटते. दाट छायांकनातल्या फटीही त्याच प्रमाणात बुजतात. शुद्ध काळ्या-पांढऱ्या रेखाचित्राची फाइल करड्या छटांविना १,२०० डीपीआयला द्यावी; रंगीत चित्राला ३०० डीपीआय सहसा पुरते. चार रंगांच्या छपाईत काळ्या रेघा फक्त काळ्या शाईत ठेवाव्यात, म्हणजे छपाईचे रंग किंचित सरकले तरी रेघेला रंगीत कड दिसत नाही.

लेअरसह मूळ फाइल आणि सपाट केलेली (सगळे लेअर एकत्र केलेली) टिफ फाइल अशा दोन्ही ठेवाव्यात, त्याही दोन वेगळ्या ठिकाणी. जेपीजी प्रत्येक वेळी साठवताना थोडी माहिती गमावते, म्हणून ती फक्त पाठवण्यासाठी वापरावी. कागदावरचे मूळ चित्र आम्लविरहित पाकिटात, थेट उन्हापासून दूर ठेवावे. त्याच्या मागे पेन्सिलने तारीख, शाई, कागद आणि स्कॅनच्या फाइलचे नाव लिहावे, म्हणजे पुन्हा छपाईची वेळ आली तर कोणत्या कागदाची कोणती फाइल हे शोधत बसावे लागत नाही.